मामा रुसला नव्हता

जबाब
पोलीस ठाणे, उदगीर. दि. १२ मे २०२५

मी वैजनाथ दगडोबा सुरवसे, वय ५२ वर्षे, धंदा शेती व पिठाची गिरणी, राहणार मुरुड, ता. जि. लातूर. आज रोजी मला पोलीस ठाण्यात आणून विचारणा झाल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी रेणुका हिच्यासह राहतो. माझी एकुलती एक बहीण उज्वला उदगीर येथे दिलेली आहे. तिच्या पतीचे नाव बालाजी. त्यांची मुलगी तनुजा हिचे लग्न आज दुपारी १२.३५ च्या मुहूर्तावर बिदर रस्त्यावरील मंगल कार्यालयात होते. मी तिचा सख्खा मामा आहे. अक्षता पडताना मामाने नवरीच्या पाठीशी उभे राहायचे, अशी आमची रीत आहे. तनुजा दहावीपर्यंत माझ्याच घरी राहून मुरुडला शिकली. त्यामुळे रीत नसती तरी मी उभा राहिलो असतो.

माझा स्वभाव तापट आहे. गिरणीवर येणारे सगळे ते सांगतील. साहेबांनी विचारण्याआधी मीच सांगून टाकतो.

आम्ही सकाळी अकराच्या सुमारास माझ्या जुन्या चारचाकी गाडीने कार्यालयाच्या गेटवर पोहोचलो. पत्नीला तिथे उतरवले. फोटो काढायला म्हणून माझा फोन ती घेऊन गेली. आज लग्नाची दाट तीथ असल्याने त्या एका रस्त्यावरच तीन लग्ने होती आणि दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या होत्या. गेटवर बालाजीचा पुतण्या सत्यम शिट्टी घेऊन उभा होता. त्याने माझी गाडी आत घेतली नाही. तो म्हणाला, "मामा, हितं मुलाकडच्या गाड्या लावायच्या हायत. तुमी तर घरचेच, कुटंबी लावा की."

त्यावर मी पाहुण्यांदेखत मोठ्याने बोललो, "मामाला गाडी लावायला जागा न्हाई, तर मामा तरी कशाला पाहिजे? करा कुणालाबी उभं पाठीशी!" हे शब्द माझेच आहेत, मी नाकारत नाही. बालाजी तिथेच होता. त्याने ऐकले आणि मान खाली घातली. मला राग आला होता, पण तो गाडीच्या जागेचा होता, लग्नाचा नव्हता. बोलून मी गाडी वळवली, तेव्हा सगळ्यांना मी निघून चाललो असेच वाटले असावे.

मी स्टेशनकडे गेलो, स्टँडकडे गेलो, परत आलो. जिथे फट दिसली तिथे कोणीतरी आधीच दगड, खुर्ची नाहीतर पाण्याचा जार ठेवून जागा अडवलेली. टायरच्या दुकानापुढे गाडी उभी केली, तर दुकानदार पाना हातात घेऊनच बाहेर आला. "गिऱ्हाइकाची जागा हाय, काढा." एका ठिकाणी लांबून मोकळे दिसले, जवळ गेलो तर आत एक मोटारसायकल आरामात आडवी उभी होती. स्वतःच्या भाचीच्या लग्नात मी चोरासारखा गल्ल्या फिरत होतो. घाम फुटला होता. डोक्याचा फेटा गाडीच्या टपाला लागत होता म्हणून काढून शेजारच्या सीटवर ठेवला होता.

शेवटी बाराच्या पुढे कार्यालयाच्या मागच्या बोळात जागा मिळाली. डाव्या हाताला कार्यालयाची भिंत, पुढे विजेच्या डीपीची जाळी. भिंतीला चिकटवून गाडी लावली आणि देवाचे नाव घेतले. मग आरशात बघून फेटा बांधू लागलो. मामा बोडक्या डोक्याने बोहल्यावर जात नाही.

फेटा बांधेपर्यंत एक उंच पांढरी गाडी माझ्या उजव्या दाराला खेटून उभी राहिली. तिचा मालक अमरेश हा नवरदेवाचा चुलतभाऊ असल्याचे मला आता इथे कळले. तो त्याच्या बाजूने उतरून निघून गेला. मी हॉर्न दिला, पण बँड सुरू झालेला होता. लगेच मागे आचाऱ्याचा भांड्यांचा टेम्पो आडवा लागला. मी दार उघडले. ते चार बोटे उघडले आणि थांबले. काच खाली केली, तर बाहेर त्याच्या गाडीची काच. डावीकडचे दार भिंतीला भिडलेले. मागचे झाकण आतून उघडत नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तिथे निदान उडी तरी मारता येते.

मी ओरडलो. सत्यम बोळातून जाताना दिसला. मी काचेआडून गाडी काढायला सांगा म्हणून हाताने जोरजोरात खूण केली. त्याला ती 'जा, मी येत नाही' अशी वाटली. तो हसला आणि पळत आत गेला. थोड्या वेळाने बालाजीचे चुलते आप्पासाहेब आले. ते वयस्कर आहेत, त्यांना कमी ऐकू येते. डीपीची जाळी आणि माझी गाडी यांच्यामधल्या फटीत ते कसेबसे शिरले. त्यांनी टॉवेल, टोपी आणि नारळ माझ्या बॉनेटवर ठेवला आणि हात जोडले. "मामा, चुकलं आमचं. मान घ्या अन् चला. पोरगी वाट बघून राहिली."

मी घसा फाडून सांगितले, "आप्पा, दार उघडंना! ही गाडी काढायला सांगा!" आणि पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवले. त्यांनी त्या गाडीकडे बघितले. ते म्हणाले, "ती मुलाकडची हाय, मामा. त्यास्नी कसं बोलावं? तुमीच मोठं मन करा." पुन्हा हात जोडून ते गेले. नारळ तिथेच राहिला. आमच्याकडे मामा रुसतो, त्याला नारळ द्यायचा, तो थोडा ताणतो आणि मग येतो. ही पद्धत सगळ्यांना पाठ आहे. मामा अडकतो, हे कोणाला माहीत नाही.

बोहले त्याच भिंतीच्या पलीकडे होते. माईकवरचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. "नवरीच्या मामांनी राग सोडून बोहल्यावर यावं, मुहूर्त टळून राहिलाय." असे दोनदा झाले. मी हॉर्न दाबून धरला. माईकवाला म्हणाला, "मामा लई तापलेत," आणि मंडप हसला. त्या हसण्याचे मला काही वाटले नाही. मग तो म्हणाला, मामा येत नसल्याने त्यांचे चुलतभाऊ नवरीच्या पाठीशी उभे राहतील. त्याचे मात्र वाटले. मी स्टिअरिंगवर डोके ठेवून रडलो. हे लिहून घ्यायचे की नाही ते साहेबांनी ठरवावे.

मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा मी गाडी मागे घेतली. टेम्पो थोडा सरकला तर दार उघडेल असा माझा हिशेब होता. टेम्पो सरकला नाही, त्याचा दिवा फुटला. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, त्यात अमरेशची गाडी पूर्ण लांबीने घासली आणि आरसा तुटला. नारळ बॉनेटवरून घरंगळून पडला. माझे दार तरीही चार बोटेच उघडत होते. पलीकडे 'शुभमंगल सावधान' झाले आणि टाळ्या पडल्या.

आवाजाने माणसे धावली. त्यांच्यात माझी बहीणही आली. ती म्हणाली, "दादा, पोरीवर अक्षता पडून राहिल्या अन् तू गाड्या फोडून राहिलास? एवढा राग?" मी आतून बोलत होतो, पण तिने तोंडाला पदर लावला आणि ती वळून गेली. नंतर अमरेशने त्याची गाडी काढली. माझे दार सताड उघडले. ते पाहून कोणीतरी म्हणाले, "उघडतंय की."

अमरेशच्या गाडीचे आणि टेम्पोचे नुकसान माझ्या हातून झाले आहे. ते मी भरून देईन. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. अमरेशने तक्रारीत 'मानपानाच्या रागातून' असे लिहिले आहे, तेवढे मला मान्य नाही. साहेब आता जागेचा पंचनामा करणार आहेत. पण सगळ्या गाड्या हलल्या आहेत. आता त्या बोळात बैलगाडी वळेल एवढी जागा दिसेल आणि पंच तेच लिहून सही करतील.

तनुजाची पाठवणी पाच वाजता आहे. साडेचार वाजून गेले आहेत. मला अजून बसायला सांगितले आहे. माझी पत्नी बाहेर बाकावर आहे. तीही मला विचारून गेली, "खरंच दार उघडत नव्हतं का हो?"

माझा वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, त्याखाली सही करतो. माझी एवढीच विनंती आहे की, पाठवणीच्या आधी कोणालातरी पाठवून तो असाच मोठ्याने एकदा माझ्या बहिणीला वाचून दाखवावा.

सही/-
वैजनाथ दगडोबा सुरवसे