मित्रदेशाचा तुरुंग

डहाणूतल्या एका सरकारी कचेरीत दक्षा दाखल्यासाठी रांगेत उभी होती. पुढे तलासरीकडच्या दोघी होत्या, हातात अर्ज घेतलेली रूपी आणि सोबतीला आलेली वयस्क पुतळी.

“पुतळीबाय, तुझ्या नवऱ्याला शत्रुदेशाने समुद्रात पकडला, तेव्हा कोण कोण आलं?” रूपीने विचारलं.

“मंत्री आले, टीव्हीवाले आले. मानवी हक्क, मानवी हक्क करून आठ महिन्यांत सोडवून आणला.”

“माझा भाऊ आखातात कामाला गेलेला. त्याला तुरुंगात अकरा महिने झाले. मालकाकडे पासपोर्ट परत मागितला, तर तिथल्या राजाने आत टाकला. कोर्ट नाही, वकील नाही.”

“मग मंत्र्याला भेट ना!”

“भेटले. ते म्हणाले, तो देश आपला मित्र आहे, बोभाटा नको.”

“मित्र आहे तर लवकर सोडेल की!”

“मीही तेच बोलले. तर ते हसले.”

खिडकीत रूपीचा नंबर आला. कारकुनाने अर्ज वाचला.

“ताई, ‘मारहाण’ काढा. ‘गैरसोय’ लिहा.”

“त्याची गैरसोय नाही होत, भाऊसाहेब. त्याला मारतात.”

“मित्रदेशाबद्दल असं लिहीत नाहीत.”

“पुतळीबायच्या अर्जात हाच शब्द होता. तुम्हीच घातला होता.”

“तेव्हा देश वेगळा होता.”

“मग मला लेखी द्या, की मित्राने मारलेलं लागत नाही. भावाला तसं कळवते.”

रांगेत कोणी तरी हसलं. ‘मारहाण’ शब्द तसाच ठेवून कारकुनाने अर्जावर शिक्का उमटवला आणि दक्षाकडे हात पुढे केला. “पुढचा अर्ज.”

“थांबा,” रूपी म्हणाली. “आधी माझी पोच.”