सशाचं पोट आणि सासूबाईंचा उपास

नाही हो, गाजर नाही! तुम्हीपण मनात तेच म्हणालात ना? ससा म्हटलं की गाजर! अहो, मीपण तेच म्हटलं होतं! आमच्या हिनं तो ससा आणून माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवला… मी शिंपी, पुढच्या खोलीत दुकान, मागे घर… म्हटलं, आणतो किलोभर गाजरं! तर प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाजर हा त्याचा खाऊ. कधीतरी, चकतीभर. जेवण म्हणजे वाळलेलं गवत, दिवसभर, हवं तेवढं. वर मूठभर पालेभाजी. ब्रेड, बिस्कीट, कांदा, बटाटा, चॉकलेट… अजिबात नाही!"

घ्या! म्हटलं, बरं झालं, गरीब जनावर आहे, गवत खाईल, कोपऱ्यात बसेल. तुम्हाला सांगतो, ससा दिसतो गरीब! दिसतो!

पुढे काय, गुडघे दुखतात म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आता सासूबाईंचं कसं आहे, समोर कोणी रिकाम्या पोटी बसलेला त्यांना बघवतच नाही! दारात कुरिअरवाला आला तरी, "सही नंतर कर, आधी खा!" त्यांनी सशाच्या पुढ्यात ते गवत बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. "जावईबापू, उशीत भरायचं ते या मुक्या जीवाला खायला घालता?" म्हटलं, आई, डॉक्टरांनी सांगितलंय. "त्या डॉक्टरला घाला गवत!"

आणि तो ससा! त्यानं ओळखलं हो, माणूस कुठे मऊ आहे ते. गेला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, नाक हलवलं आणि बघत राहिला. असा बघत राहिला, जणू मी त्याला जन्मापासून उपाशी ठेवलंय! ससा दिसतो गरीब… मी काय सांगतोय तुम्हाला!

मग एका सकाळी बघतो तर साहेब पाठीला पोक काढून कोपऱ्यात. गवत तसंच, पालेभाजी तशीच आणि लेंडी… एकही नाही! हसताय काय? सशाचं पोट थांबलं तर जिवावर बेततं! ही रडायलाच लागली. टोपलीत घातला, पळालो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, विचारलं, "काय काय खाल्लं यानं?" मी छाती काढून, "फक्त गवत आणि भाजी!" तर पाठीमागून बारीक आवाज… "आणि ब्रेडचा तुकडा."

वळून बघतो तर सासूबाई!

"आणि दोन बिस्किटं… आणि केळी."

"किती केळी?"

"छोटी होती हो… सगळीच छोटी होती."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, बिनसुईच्या सिरिंजमधून भरवायचा गवताचा लगदा दिला, पोट हळूहळू चोळायला सांगितलं. "लेंडी आली की जिंकलो."

घरी आलो, आणि सासूबाईंनी जाहीर केलं, "तो आपल्या तोंडानं खाईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही." ही म्हणते, "आई उपाशी आणि मी गिळू?" आता दोघी उपाशी असताना मी कुठल्या तोंडानं ताट मागू? सशानं बिस्कीट खाल्लं आणि उपास कोणाला? मला! वर काम काय, तर तिघांनी जमिनीवर पालथं पडून एका सशाच्या मागच्या बाजूकडे टक लावून बघायचं. सासूबाई तर गुडघे विसरून! त्याचं पोट चोळताहेत आणि कानात पुटपुटताहेत, "चुकले रे राजा, एवढी वेळ माफ कर." तुम्हाला सांगतो, तेव्हा मीही बाहीनं डोळे पुसले. भुकेनं असेल.

तेवढ्यात गिऱ्हाईक! बँकेचे मॅनेजर, कोटाच्या ट्रायलला. एकच बाही लावलेली, खांद्यात टाचण्या, दोन्ही हात आडवे पसरून उभे. मी पोटाला टेप लावतोय आणि आतून किंकाळी… "जावईबापू! आली!!!"

टेप तिथेच टाकून मी आत! मागोमाग मॅनेजर, तसेच हात पसरलेले. "कोण आली? कोण आली?"

"लेंडी!"

सासूबाईंच्या तळहातावर ती एवढीशी गोळी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बघा तरी, कशी गोल आहे!" ससा गवत कुरतडतोय, ही हसतेय, आणि मॅनेजर एका बाहीनिशी गंभीरपणे म्हणतात, "अभिनंदन." काय म्हणणार हो बिचारे!

ससा वाचला. सासूबाई जेवल्या, आम्ही जेवलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पोट नीट चाललंय, अधूनमधून सफरचंदाचा नखाएवढा तुकडा चालेल. बिया काढून." संपलं ना? नाही संपलं! सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंनाही मागे टाकलं! ब्रेड बंद, बिस्किटं बंद… सशाची नव्हे हो, घरातली! पोट म्हणजे पोट, त्यात ससा काय नि जावई काय! ससा दिसतो गरीब, पण घरात सगळ्यात गरीब कोण आहे, ते तुम्हीच ओळखा.

आता रोज सकाळी मी संडासातून बाहेर आलो की दारातच सासूबाई. "जावईबापू, झालं का व्यवस्थित?" चाळिशी ओलांडलेला माणूस मी, मान खाली घालून सांगतो, "झालं, आई."

की लगेच तळहातावर सफरचंदाचा तुकडा.

नखाएवढा.

बिया काढून.