तहानलेल्या चार कुंड्या

दिपाली : ‘डाव्या बाजूच्या चार कुंड्यांना थेंबभरसुद्धा पाणी द्यायचं नाही.’ वेदश्री मॅडम असंच बोलल्या होत्या ना, आई? तुह्या समोर?

(वर्ध्याच्या एका कॉलेजमागच्या घराचं लहानसं अंगण. प्रमिलाबाई त्याच कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटतात; मुलगी दिपाली तिथंच वेदश्री मॅडमच्या हाताखाली शिकते. प्रमिलाबाईंच्या हातात रिकामा लोटा, समोर सोयाबीनच्या आठ कुंड्या.)

प्रमिलाबाई : बोलल्या ना. उजवीकडच्याले द्यायचं, डावीकडच्याले नाई.

दिपाली : मंग हा लोटा?

प्रमिलाबाई : मले वैशाखाचं व्रत हाय. दारातल्या तहानलेल्याले पाजल्याशिवाय मी घास घेत नाई.

दिपाली : ते गाईले, कुत्र्याले. कुंडीले कोण धरते त्यात? पाण्याशिवाय रोपटं किती दिवस तगते, तेच तर मले पाह्यचं होतं.

प्रमिलाबाई : पंगतीत चौघायले वाढायचं आन् बाजूच्या चौघायले तोंड पाह्यत बसवायचं? माह्या हातानं नाई होत ते.

दिपाली : कधीपासून देऊन राह्यली?

प्रमिलाबाई : कुंड्या घरी आल्या तवापासून. तू उठायच्या आधी.

दिपाली : म्हणून हिरव्यागार. आई, मॅडमले वाटते का आर्वीच्या मामानं धाडलेल्या या सोयाबीनले पाणीच लागत नाई. काल त्यायनं एसटीडीवरून पुण्याच्या, नवी वाणं तपासणाऱ्या सरायले फोन लावला. सर पाह्यले येणार हायेत. या वाणाले माह्यं नाव द्यायचं म्हणतात.

प्रमिलाबाई : ठाऊक हाय. म्या मेसमधी साखर वाटली.

दिपाली : साखर वाटली?

प्रमिलाबाई : पोरीचं नाव झालं एवढंच समजलं. कशापायी झालं, ते मले कोण सांगते?

दिपाली : ज्यायच्या घरी फी भरायची सोय नाई, अशाच पोरायसाठी हे उन्हाळी संशोधन हाय. काम चांगलं झालं का पुढच्या सुट्टीत नागपूरची मोठी प्रयोगशाळा. हे समजलं तर मले घरी बसवतील, आन् माह्या जागी तो वर्गातला साकेत जाईन.

प्रमिलाबाई : मंग?

दिपाली : मंग काई नाई. आजपासून लोटा बंद. आपण दोघीच जाणतो.

प्रमिलाबाई : आन् ते पुण्याचे सर?

दिपाली : येतील, पाहतील, जातील.

प्रमिलाबाई : जाऊन लोकायले सांगतील ना, हे पेरा, पाणी नाई आलं तरी चालते. उद्या तुह्या मामानंच पेरलं तर? त्याच्या वावरात रोज सकाळी लोटा घेऊन मी जाऊ काय?

दिपाली : हसवू नको, आई. मले रडू येऊन राह्यलं.

प्रमिलाबाई : रडून घे. तवरी मी लुगडं बदलतो.

दिपाली : कुठं चालली?

प्रमिलाबाई : मॅडमच्या घरी. तुले निवडलं तवा त्यायले शब्द दिलता, माह्या घरापायी पोरीचं काम अडणार नाई म्हणून. पाणी म्या घातलं, तर बोलणीबी म्याच खावी.

दिपाली : त्या चिडतील.

प्रमिलाबाई : चिडू दे. नव्या कुंड्या मागतो. त्या शेजारच्या सीताबाईच्या गच्चीवर ठेवजो, मले दिसल्याच नाई पाह्यजे.

दिपाली : आन् नाई म्हणल्या तर?

प्रमिलाबाई : तर नाई.

दिपाली : थांब, मीबी येतो.

प्रमिलाबाई : तू नको येऊ, बाई. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का माह्यानं खरं बोलणं होणार नाई.