बाबीकाकांना ठाऊक असलेल्या जागा

मंडळी, सांभाळून घ्या. शाळेत रोज मुलांसमोर बोलते, पण या शोकसभेत बोलणं वेगळं आहे. बाबीकाका गेल्याचं दुःख तुम्हा सगळ्यांना आहे, मलाही आहे. पण त्याहून जास्त मला भीती वाटते. ती सांगायलाच उभी राहिले आहे.

आपलं किनाऱ्यावरचं स्मशान इतकी वर्षं कोणी राखलं? गावाने श्रमदानातून चिऱ्यांची शेड बांधली आणि आपण मोकळे झालो. पुढे रान बेणून साफ ठेवलं काकांनी. पावसाआधी सुकी लाकडं भरून ठेवली काकांनी. आणि सुरूच्या झाडांमागे, जिथे आपण तान्ही मुलं पुरतो, ती जागाही राखली काकांनीच. तिथे ना दगड, ना नाव. कोणाचं मूल कुठे आहे, ते खात्रीने फक्त काकांना ठाऊक.

माझी मुलगी जन्मल्यावर नवव्या दिवशी गेली. पुरुषमंडळी तिला घेऊन गेली. बायकांनी जायचं नसतं. सगळे म्हणाले, विसर. बावीस वर्षं मी कोणाला काही विचारलं नाही. कसं विचारणार?

या पावसाळ्यात दर्याने किनारा कापला, सुरूची झाडं उन्मळली, तेव्हा मात्र मी धावत काकांकडे गेले. ते आजारी, खाटेवर पडून.

"काका, माझा चेडू खंय ठेवलात?"

काका उठलेच. "चल गो. दाखवतंय."

काठी टेकत आले. एका जागी थांबून म्हणाले, "हय आसा तुझा." मी त्या वाळूवर हात ठेवला. पाच पावलांवर कडा तुटलेला, खाली पाणी.

काका पुढे सरकले. "हय सुताराचो झिल. हय पोस्टातल्या बाईचा चेडू. नीट बघून ठेव गो, माझ्यामागे कोण सांगतलो?"

मंडळी, कोणाचा मुलगा कुठे, कोणाची मुलगी कुठे, ते सांगत होते आणि मी ऐकत नव्हते. मी पाण्याकडे बघत होते. म्हटलं, उद्या वही घेऊन येऊ, लिहून घेऊ. दुसऱ्या दिवशी काकांची शुद्ध हरपली. ती परत आलीच नाही.

आज मला एकच जागा खात्रीने ठाऊक आहे. माझ्या लेकीची. बाकीच्यांचं काय?

परवा मी जाऊन आले. कडा आता तीन पावलांवर आलाय. पायाखालची वाळू सरकली आणि मी पळत सुटले. हो, पळाले.

उद्या सकाळी ओहोटीला मी पुन्हा जाणार आहे. ज्यांनी आपल्या हातांनी मूल तिथे ठेवलं, त्या बापांनी यावं, आठवेल ते दाखवावं. सापडतील तेवढी मुलं आत, गावाच्या बाजूला आणूया. आणि आयांनो, तुम्हीही या. बायकांनी जायचं नसतं, हे आता मला कोणी सांगू नका. एकटीचे माझे पाय उचलत नाहीत.

बाबीकाका, तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. मला क्षमा करा.

उठा मंडळी. दोन मिनिटं गप्प उभे राहूया. ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी रडलं तरी चालेल.