भाऊंची फेरी, दुसऱ्या गियरमध्ये

...नाही, पण मला एक सांगा, गाडीला तिसरा गियर असतो हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला तीस-चाळीस मोटारसायकलींच्या पुढं कोणी घालतं का? घातलं. मला घातलं. आणि कशासाठी, तर गुत्ता चालवणाऱ्या माणसाची स्मृतिफेरी काढायची म्हणून. मी, ज्यानं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही, जो मुख्याध्यापक असताना दर शनिवारी मुलांसमोर व्यसनांवर बोलला, निवृत्त झाल्यावर कोणी बोलावलं तर बोलला, आणि हल्ली कोणी बोलावत नाही तरी बोलतो... तो मी. फेरीच्या पुढं.

आता गुत्तेवाला माझा मेहुणा होता, हे मी नाकारत नाही. बायकोचा धाकटा भाऊ. सगळी वस्ती त्याला 'भाऊ'च म्हणायची, आणि नुसती म्हणायची नाही, मानायची, आणि तिथंच माझं नशीब फुटलं. कारण भाऊंची बहीण ती सगळ्यांची ताई आणि ताईंचा नवरा तो सगळ्यांचा दाजी. भाजी आणायला बाहेर पडावं, तर समोरून झोकांड्या खात येणारा अनोळखी इसम खांबाला धरून थांबणार आणि हात जोडणार, "दाजी, नमस्कार." बँकेत रांगेत उभं राहावं, तर मागून आवाज, "दाजींना पुढं जाऊ द्या रे." सगळी रांग वळून बघते. बघणारच. तोंडाला वास त्याच्या आणि दाजी मी. तुम्हाला सांगतो, मला मेहुणा एकच होता.

तो गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, आणि हे मी मनापासून म्हणतो, कारण माणूस वाईट नव्हता, धंदा वाईट होता. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही, तेव्हा गुत्ता आला बहिणीकडं. म्हणजे माझ्या बायकोकडं. ती मला म्हणाली, "काय करायचं ते तुम्ही ठरवा." आता यात ठरवायचं काय होतं? कित्येक वर्षं माझं ठरलेलंच होतं. बंद. मी एवढंच म्हणालो. तिनं हातातली चादर घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली आणि म्हणाली, "बरं. पण मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं, त्या सगळ्यांच्या समोर उभं राहून. दारावर कागद चिकटवून घरी पळून यायचं नाही." मी कागद आणि डिंक काढून ठेवला होता. तिला कसं कळलं, देव जाणे.

मग ते तिघं घरी आले. एक मेकॅनिक, एक पोस्टमन आणि एक वकील. वकील म्हणजे वकील नव्हे, रेल्वेच्या खिडकीवर तिकिटं देतो, पण वाद असा घालतो की सगळे त्याला वकीलच म्हणतात. म्हणाले, भाऊंना मोटारसायकलीची फार हौस, तेव्हा रविवारी सकाळी त्यांच्या आठवणीची फेरी काढायची, गुत्त्यापासून निघायचं, गावाला वळसा घालायचा आणि पुन्हा गुत्त्यावर यायचं. गुत्ता म्हणाले नाहीत हं, ते त्याला 'बैठक' म्हणतात. आणि सगळ्यांच्या पुढं भाऊंची स्वतःची जुनी गाडी. ती कोणी चालवायची? मेकॅनिक म्हणे, "मी तिला आजवर जिवंत ठेवली." पोस्टमन म्हणे, "रस्ता मी आखलाय." आवाज चढले. मी प्रार्थनेच्या पोथीत डोकं घालून बसलो होतो, माझा काय संबंध? तर वकिलानं घसा खाकरला.

"भाऊंचा नियम काय होता? प्यायलेल्यानं गाडीला हात लावायचा नाही. आल्याबरोबर चावी भाऊंकडं, आणि शुद्धीत दिसल्याशिवाय परत मिळायची नाही. बरोबर? आता भाऊंच्या गाडीला प्यायलेल्याचा हात लागला तर त्यांच्या आत्म्याला काय वाटेल? आणि आपल्यात न प्यायलेला आहे कोण? मी नाही. हा नाही. तो तर नाहीच." आणि मग तिघांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

म्हणजे बघा, आयुष्यभराच्या संयमाचं हे फळ!

मी म्हणालो, मला गियरची गाडी येत नाही. मेकॅनिक म्हणाला, "मी शिकवतो ना दाजी." मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "मी मागं बसते." संपलं. तुम्हाला सांगतो, मला मेहुणा एकच होता, पण त्या दिवशी घरात तीन बसलेले होते आणि चहा घेत होते.

शिकवणी झाली गुत्त्यामागच्या मोकळ्या जागेत. क्लच हा, ब्रेक हा, पहिला गियर असा, दुसरा असा. "पुढचे आत्ता नकोत दाजी, गोंधळ होईल. आणि मुख्य गोष्ट, थांबायचं नाही. ही गाडी उभी राहिली की बंद पडते, आणि किक मारणं तुम्हाला जमणार नाही, पाय मोडेल. भाऊंना सवय होती. तुम्ही आपले हळूहळू का होईना, चालत राहा." मी विचारलं, मग शेवटी थांबायचं कसं? म्हणाला, "शेवटी आम्ही आहोतच." या वाक्यावर, तुम्हाला सांगतो, कधीही विश्वास ठेवू नका.

रविवार उजाडला. मी कडक इस्त्रीचा सदरा घातला, मनात तीन वाक्यं घोटून ठेवली, गुत्ता बंद होत आहे, आपण सर्वांनी समजून घ्यावं, देव आपलं भलं करो. बायकोनं भावाचा फ्रेममधला फोटो पिशवीच्या पट्ट्यांनी स्वतःच्या पाठीवर बांधला, तोंड मागच्या बाजूला. मी म्हटलं, अगं, फोटोचं तोंड पुढं हवं. म्हणाली, "पुढं तुमची पाठ आहे, ती त्यानं किती वेळ बघायची? त्याला त्याची माणसं दिसू देत." झालं. म्हणजे पुढं मी, मध्ये ती, आणि मागं फोटोतून भाऊ सगळ्यांकडं बघून हसतोय. आता भाऊंच्या तोंडासमोरून गाडी पुढं काढायची कोणाची छाती? कोणाचीच नाही. आणि मी दुसऱ्या गियरमध्ये.

तुम्ही कल्पना करा. मोठमोठ्या गाड्या, काहींचं तर बुलडोझरसारखं धूड, आणि सगळ्या माझ्यामागून मुंगीच्या पावलांनी. पायी चालणारी एक बाई आम्हाला ओलांडून गेली, हातात दोन पिशव्या घेऊन. मागून क्लच जळाल्याचा वास यायला लागला. त्यात माझा डावीकडचा दिवा कधी लागला मला कळलं नाही, तो लुकलुकतोय आणि मी सरळ चाललोय, आणि मागची माणसं इतकी श्रद्धाळू की दर गल्लीला पाच-सहा जण डावीकडं वळतात, पुढं गल्ली बंद असते, मग उलटे फिरून धापा टाकत परत येतात. पोस्टमन ओरडतोय, "दाजी, दिवा." मला ऐकू येतंय 'देवा', मी म्हणतोय, देवाची आठवण करून देतोय वाटतं, आणि मी आणखी मनोभावे नामस्मरण करतोय.

बायको मागून, "अहो, जरा जोरात."

"यापेक्षा जोरात जात नाही."

"सायकलवाला हसतोय."

"हसू दे. आज त्याचा दिवस आहे."

चौकात पोलीस. त्यानं हात वर केला, थांबा. आता मी थांबणार कसा? मला न थांबण्याचं शिक्षण मिळालेलं. मी डोळे मिटले... हो, मिटले, खोटं कशाला बोलू... आणि गेलो. शिट्टी वाजली नाही. डोळे उघडून बघतो तर पोलिसानं टोपी काढून छातीशी धरलीये आणि दुसऱ्या हातानं चारी बाजूंची वाहनं अडवलीयेत. डोळ्यांत पाणी. मला म्हणतो, "जा दाजी, निवांत जा." म्हणजे हाही. कायद्याचा रक्षक. अहो, मला मेहुणा एकच होता हो.

वळसा घालून आम्ही गुत्त्यावर आलो. दारात माणसं उभी, खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर माइक. मला बोलायचं होतं ना, त्याची तयारी. मी तीन वाक्यं मनात म्हटली आणि गाडी थांबवायला 'शेवटी आम्ही आहोतच' म्हणणाऱ्याला शोधू लागलो. मेकॅनिक कुठंय? तो एका बंद गल्लीतून परत येत होता. मग मी काय केलं? गेलो. माइकसमोरून, खुर्च्यांसमोरून सरळ गेलो. आणि माझ्यामागून सगळे गेले. कारण दाजी चाललेत म्हणजे काहीतरी असेल. पुन्हा गावाला वळसा. पुन्हा तो चौक, पुन्हा पोलिसाची टोपी छातीशी. पुन्हा गुत्ता. या वेळी मेकॅनिक शेजारून पळत आला, "दाजी, क्लच दाबा," मी क्लच समजून हॉर्न दाबला, तो दचकून बाजूला झाला, आणि मी गेलो.

मागून कोणीतरी विचारलं, "ताई, चुकलं का?"

बायको म्हणाली, "चुकलं म्हणू नका. चला."

मग माझ्या हातांनी तोच रस्ता धरला जो त्यांना येतो. घरचा. आमच्या गल्लीला चढ आहे. दुसऱ्या गियरमध्ये गाडी धापा टाकत वर आली, आमच्या फाटकाशी खोकली आणि आपोआप बंद पडली. मागून सगळ्या गाड्या आल्या, गल्ली गच्च भरली, आणि एकेक इंजिन बंद होत गेलं.

बायको उतरली. फोटो पाठीवरून सोडवून तिनं पोटाशी धरला आणि फाटकात उभी राहिली. "दुपारी उघडायचा, रात्री बंद करायचा," ती म्हणाली, "एक दिवस सुट्टी घेतली नाही त्यानं. किती वेळा म्हटलं, एकदा घरी जेवायला ये. आज आला."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, तुमच्या मनात हे होतं, आम्ही ओळखलंच नाही." मी म्हणालो, माझ्या मनात ब्रेक होता. कोणी ऐकलं नाही.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "सांगा आता."

मी सांगितलं. तीनपैकी पहिलंच वाक्य आठवलं. गुत्ता बंद होत आहे. मला वाटलं आता गलका होईल, कोणी अंगावर येईल, मी तयार होतो. मेकॅनिक म्हणाला, "बरोबर आहे दाजी. भाऊ नाहीत, तर बैठक कसली?" बस. एवढंच. मग पोस्टमननं अगदी हळू विचारलं, "पण मग... संध्याकाळी जायचं कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "इथं या."

आले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, रोज आले. शुद्धीत, आंघोळ करून, भांग पाडून. मेकॅनिकनं नळ दुरुस्त केला, मग चालू असलेला पंखा दुरुस्त केला. वकील माझ्या खुर्चीत बसून माझं वर्तमानपत्र मला वाचून दाखवी. बायकोचा चहा उकळतच असे, आणि ती नव्यानं लग्न झाल्यासारखी वावरत होती. मी आत प्रार्थनेला बसलो की बाहेर पत्त्यांचा डाव रंगायचा, मी आवाज चढवला की ते चढवायचे. आणि तक्रार तरी कशी करू? आख्खा गुत्ता कोरडा झाला होता. आयुष्यभर जे मागितलं ते देवानं दिलं, फक्त पत्ता माझा दिला. अहो, मला मेहुणा एकच होता, आता इतक्या मेहुण्यांच्या चपलांतून मला माझी चप्पल सापडत नव्हती.

पण सगळेच काही कोरडे राहिले नाहीत. पोस्टमन मधून मधून दिसेनासा झाला. हायवेवरच्या एका ठिकाणी जाऊ लागला होता. तिथं पैसे टाकले की बाटली मिळते, तिथं कोण कोणाचा भाऊ? चावी कोणी मागत नाही. एका संध्याकाळी परत येताना गाडीसकट खड्ड्यात गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला, ही देवाची कृपा.

आम्ही दवाखान्यात गेलो. त्याला बघून बाहेर आल्यावर बायको बाकावर बसली. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार असतात. ती एवढंच म्हणाली, "माझ्या भावाच्या दारातून एकही माणूस असा घरी गेला नाही."

दारू वाईटच, हे मी आजही म्हणतो, आणि कोणीही मला यावरून हलवू शकणार नाही. पण वाईट गोष्टीच्या दारात कोणीतरी उभं लागतं, हे मला कोणत्याही पोथीनं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ते पान भरभर उलटलं असेन.

गुत्ता उघडला. बाटल्यांना मी हात लावत नाही, ते मेकॅनिक बघतो. मी दाराशी बसतो, इस्त्रीचा सदरा घालून. आलेल्या प्रत्येकाची चावी माझ्याकडं, आणि जाताना मी दोन प्रश्न विचारतो, उत्तर नीट आलं तर चावी, नाहीतर बायको रिक्षा बोलावते. वकील तर शुद्धीत असतानाही नीट उत्तर देत नाही, त्याला रोज रिक्षा. माझी प्रार्थनेची वेळ मात्र मी चुकवत नाही. तिथंच बसतो, पोथी उघडतो. आणि तुम्हाला सांगतो, काय शांतता. पत्ते खाली, बोलणं बंद, खुर्चीचा आवाज नाही. शाळेत इतकी वर्षं प्रार्थना घेतली, एवढी शिस्त मला कधी मिळाली नाही.

फक्त शेवटी मी डोळे उघडून हात जोडले, की सगळेजण माझ्याकडं बघून अत्यंत भक्तिभावानं ग्लास वर करतात. ते बंद करायचं म्हणतोय... जमत नाही.