समुद्राखालचे दिवे आणि शुभदाकाकू

मंडळी, ऐका! आज एकाच प्रश्नाचा निकाल लावायचाय. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचा दोष त्याला सांगावा — की पोटात घालावा?

‘पोटात घालावा’ — आला बघा आवाज! सासूबाई आहात ना? सूनबाईंना विचारून घेतो हं नंतर!

आख्यान मिरजेतलं. रमाकांत तगारे, औषधाच्या दुकानात कामाला. बायको ललिता आजारानं गेली. मागे लेक मैथिली, नववीतली. पुढं रमाकांतानं दुसरं लग्न केलं आणि घरात शुभदा आली. साधी, मायाळू बाई. मैथिली तिला काकू म्हणायची. म्हणजे कसं? ‘काकू, डबा.’ ‘काकू, येते.’ संपलं संभाषण! भांडण नाही हो! भांडण परवडलं, त्यात निदान तोंड तरी उघडतं. पोरगी शाळेतून आली की खोलीत, आणि दार बंद.

खोलीत काय करायची? जपानी चित्रमालिका बघायची! कार्टून म्हणू नका — माझी पुतणी तीन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. ॲनिमे म्हणायचं! त्यातही जादूच्या, अद्भुताच्या. नुसती बघायची नाही. कुठली मालिका कुठं जमली, कुठं फसली, ते मोबाइलवर बोलून मैत्रिणींना पाठवायची. शुभदा बाहेर मेथी निवडत ऐकायची. तिला वाटायचं, काय गोड बोलते ही! माझ्याशी कधी बोलेल?

एक दिवस दार वाजवलं. ‘मैथिली, मीही पाहिली गं तुझी ती समुद्राची मालिका. किती छान!’

‘काय आवडलं?’

‘सगळंच!’

दार बंद!

बरोबर केलं पोरीनं! अहो, सगळंच छान म्हणजे काहीच पाहिलं नाही! आमचे एक यजमान प्रत्येक वेळी म्हणतात, ‘बुवा, बहार आली!’ आणि आम्ही चौरंगावरून बघितलेलं असतं — पहिल्या अभंगाला डोळा लागला, तो आरतीच्या घंटेला उघडला! हसू नका पेटीवाले, तुमचंही नाव घेईन.

शुभदाला ते लागलं. रोज दुपारी भांडी आवरली की बसायची मोबाइल घेऊन. खालच्या इंग्रजी ओळी वाचता वाचता चित्र पुढं पळायचं, मग मागं न्यायची. गोष्ट अशी — समुद्राखाली एक गाव, तिथं अंधार. आई गेलेली हारुमी नावाची पोर दिवे लावते. पण नियम काय? एक दिवा लावायचा, तर आपली एक आठवण द्यायची. जादू आहे, पण फुकट नाही! वा! पाहिली हो मीही. पूर्वरंग असा रंगलाय, की आम्ही कीर्तनकारांनी शिकावं!

सगळी बघून झाली. पुन्हा दार वाजलं.

‘मैथिली, त्या दिवशी मी खोटं बोलले. दोनच भाग पाहिले होते. आता पूर्ण पाहिली. सांगू?’

या वेळी दार उघडं राहिलं, मंडळी.

‘चित्रं काय काढलीत! भाताच्या वाडग्यातून वाफ निघते ना, तर मला भूक लागली. ती समुद्राची राणी दुष्ट आहे, पण ती का तशी झाली तेही कळतं. तिची दया येते. पण लढाया फार लांबवल्यात गं! एक तलवार उगारली, ती खाली यायला दोन भाग. तेवढ्यात माझी कणीक मळून होते. आणि शेवट…’

‘शेवटाचं काय?’

‘हारुमीची आई परत यायला नको होती.’

गेला शब्द तोंडातून! कोण बोलतंय? सावत्र आई! कुणाला? आई गेलेल्या पोरीला! आता हे दार काही पुन्हा उघडत नाही, असं वाटलं शुभदाला. तरी बोलली बिचारी. ‘अगं, लिहिणारा घाबरला. प्रत्येक दिव्याला त्या पोरीनं किंमत मोजली, आणि आई मात्र फुकट हसत आली! तिला पोटभर रडू द्यायला हवं होतं. तिच्याजवळ कुणी नुसतं बसलं असतं, तरी चाललं असतं.’

मैथिली भिंतीकडं बघत म्हणाली, ‘सगळ्या मैत्रिणींना तो शेवट आवडला. मी एकटीच म्हणत होते, खोटा आहे.’ आणि पोरीला हुंदका फुटला. शुभदा शेजारी नुसती बसली.

डोळे पुसून मैथिली म्हणते, ‘काकू, आता तुझे सांगू?’

‘माझे काय?’

‘गुणदोष.’

अहाहा! मंडळी, एवढ्या दिवसांत पोरीनं तिला चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही!

‘तू दार वाजवून येतेस, ते चांगलं. बाबा तसेच घुसतात. पण आईच्या फोटोपाशी आलीस की भराभर पुढं जातेस. ते वाईट. तिचं नावच घेत नाहीस. आता घरात कुणीच घेत नाही.’

‘तुला त्रास होईल म्हणून गं…’

‘मग तूही त्या लिहिणाऱ्यासारखीच घाबरलीस!’

शुभदा खाली मान घालून म्हणाली, ‘चुकलं माझं. ललिताताईंना काय आवडायचं, सांगशील मला?’

पोरगी सांगत बसली. दिवेलागण झाली, स्वयंपाक राहिला. रमाकांत आला तो दारातच थांबला. घरात ललिताचं नाव ऐकू येत होतं. त्यानं चप्पल काढली आणि तोही आत येऊन जमिनीवर बसला.

सासूबाई, मिळालं उत्तर? सांगावा दोष! पण आधी पूर्ण बघावं, गुण ओळखावा, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नये.

आता घरी जाल. पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असेल. ‘बंद कर ते!’ अगदी ओठांवर येईल तुमच्या. गिळा! खाली बसा आणि म्हणा, ‘सरक जरा, मलाही दाखव.’ सरकलं ना पोरगं, तर समजा, तुमचं अजून ऐकतंय. आणि नाहीच सरकलं, तर मंडळी, जमिनीवर बसा. पण बसा!

म्हणा, लेकरापाशी बसणाऱ्या त्या सावळ्या माउलीचा — जयजयकार असो!