न मोडलेले पाव

चीनमधल्या यानतायच्या धक्क्यावर इंग्रजी बोट लागली होती. फाटकावर जपान्यांच्या हुकमाने मा हवालदार टोपल्या तपासत होता. त्याची बायको ल्येनफांग त्याचा डबा घेऊन पाववाल्या बायकांच्या मागे रांगेत उभी होती. तिला न ओळखणाऱ्या पुढच्या दोघींचे बोलणे तिच्या कानावर पडत होते.

“मेला चिठ्ठी शोधायला एकूण एक पाव मोडतो. मोडके पाव खलाशी घेतात होय?”

“माझे नाही बाई मोडत.”

“का गं? तू काय त्याची पाहुणी?”

“नुसता वास घेतो आणि म्हणतो, ‘जा, गार होतील.’”

“अगंबाई! लाजतेस काय?”

“बिचारा म्हणतो, बायकोच्या पावांनी दात पडायची वेळ आलीय.”

ल्येनफांगची पाळी आली.

“आणलास डबा? दे इकडे.”

“थांबा.”

तिने त्याच्यासमोर डब्यातला एकेक पाव मोडला.

“तपासा, हवालदारसाहेब. आणि दात सांभाळा!”